प्रत्येक गावातला पहिला माणूस

जंगलातले अनुभव लिहून द्या, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात वाघ असणार. त्यांची निराशा सुरुवातीलाच करून टाकतो. चांदा जिल्ह्याच्या जंगलात मी सहा वर्षं हिंडलो. वाघ दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा त्याला आमच्यात काडीचा रस नव्हता. मी हिंडत होतो ते माणसांच्या रक्तासाठी. नोकरीच तशी होती.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. वरोऱ्यापासून सिरोंचापर्यंत सगळा मिळून एकच चांदा. विषाणूंवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी क्षेत्र-सहायक होतो. आमचे प्रमुख डॉ. सबनीस. त्यांचा या जंगलावरचा एक शोधनिबंध त्या काळी परदेशात गाजला. त्या विषयाच्या जुन्या ग्रंथांत त्याचा उल्लेख अजून सापडतो म्हणतात. त्या निबंधात एक मोठी चूक आहे. ती चूक म्हणजे मी. माझ्या हातून झाली एवढंच नाही. मी स्वतः त्या निबंधात आहे, अकरा वेळा. वय ऐंशीच्या पुढे गेलं. आता सांगितलं नाही तर राहूनच जाईल.

आधी काम काय होतं ते सांगतो. डासांमुळे पसरणारा, हाडं मोडून काढणारा एक ताप बंदरांच्या गावांत नेहमी येई. तो जंगलातही पोचला आहे का, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. एखाद्याला असा ताप येऊन गेला की त्याच्या रक्तात त्या विषाणूला मारणारी शक्ती राहते, पुढे कित्येक वर्षं. म्हणून गावोगाव जाऊन निरोगी माणसांचं थोडं थोडं रक्त घ्यायचं. ते गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. ते बर्फात घालून प्रयोगशाळेत न्यायचं, विषाणूत मिसळायचं आणि पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांना टोचायचं. पिल्लं मेली तर त्या माणसाला ताप कधी आलाच नव्हता. पिल्लं जगली तर येऊन गेला होता. म्हणजे माणसाचा इतिहास उंदराला विचारायचा.

डॉक्टर डाकबंगल्यात तळ ठोकत. रक्त त्याच दिवशी हाताने फिरवायच्या यंत्रात घालावं लागे, बर्फावर भुसा पुरेसा आहे की नाही पाहावं लागे, त्यामुळे त्यांना हलता येत नसे. गावात जायचो आम्ही दोघं, मी आणि वामनराव कंपाउंडर. वामनराव ब्रह्मपुरीचे. त्यांचा हात इतका हलका की सुई टोचली हे माणसाला ती काढल्यावर कळे. ते रक्त काढत, मी वही लिही. क्रमांक, स्त्री की पुरुष, वय, गाव. नावं लिहायची नाहीत असं डॉक्टरांनीच ठरवलं होतं, कारण नाव विचारलं की लोक बिचकत. दर गावात चाळीस नळ्या भरायच्या.

पहिलं गाव धानोऱ्याच्या पुढचं. गावचा प्रमुख, ज्याला तिकडे गायता म्हणतात, तो सोमा नावाचा पन्नाशीचा उंच माणूस. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं, नळ्या पाहिल्या, सुई पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे पाहुण्याले मोहाची पाजतो, तं पयला घोट पाजणारा घेते. काऊन, माहीत आहे?"

"काऊन?"

"त्यात काही टाकलं असंल तं पयले त्याच्याच पोटात गेलं पाह्यजे."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मंग काढा ना तुमचं पयले. आमी पाहून राह्यलो."

सगळं गाव हसलं. जनाबाई नावाची एक म्हातारी पुढेच बसली होती. ती म्हणाली, "बाबूच्या अंगात रक्त हाये का पन? मले तं वाटते सुईत चायच यीन."

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. "भोयर, बाही वर करा. शास्त्रासाठी."

मी बाही वर केली. रक्त आलं आणि लाल आलं. जनाबाईने नळी हातात घेऊन उजेडात धरून खात्री केली. मी ती बाजूला खिशात ठेवायला गेलो तर सोमा गायता म्हणाला, "वेगळी काऊन ठेवता? आमच्यासंगं ठेवा. आमचं जिथं जाईन, तुमचंही तिथंच गेलं पाह्यजे."

यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. नळी घोडीत, म्हणजे नळ्या उभ्या ठेवायच्या लाकडी चौकटीत, पहिल्या खाचेत बसली. मी मोठ्याने म्हणत वहीत लिहिलं: क्रमांक एक, पुरुष, वय सव्वीस. तळावर गेल्यावर ओळ खोडायची, असं मनाशी ठरवलं. त्यानंतर गावाने रांग लावली. दुपारपर्यंत गावची एकोणचाळीस माणसं झाली आणि चाळिसावा काही केल्या मिळेना. उरलेले सगळे रानात गेले होते.

तळावर पोचलो तेव्हा डॉक्टर फाटकात उभे होते. पहिल्या गावात दहा नळ्या मिळाल्या तरी पुष्कळ, अशी त्यांची अपेक्षा. त्यांनी घोडीतल्या नळ्या मोजल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "चाळीसच्या चाळीस! भोयर, तुम्ही जादूगार आहात!"

त्याच वेळी सांगायला हवं होतं, साहेब, एकोणचाळीस. एक शब्द. पण वरिष्ठाने पाठीवर थाप मारण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. ओळ खोडायची राहिली. मी मनाची समजूत घातली की वहीत खोटं एक अक्षर नाही. मी पुरुष होतो, सव्वीस वर्षांचा होतो आणि त्या दिवशी त्या गावात होतोच.

आठवडी बाजारात बातमी पसरली. पुढच्या गावात पाय ठेवण्याआधीच लोक विचारत, "पयले स्वतःचं काढते तो सुईवाला तूच काय?" मग दर गावात तोच खेळ. एके ठिकाणी लोकांनी माझ्यासाठी खाट आणून ठेवली होती, दुसरीकडे ढोल वाजवला. वामनराव मला रोज गूळ-फुटाणे खायला घालत आणि म्हणत, "भोयर, विहीर आटू देऊ नका, अजून सात गावं बाकी हायेत."

नमुनेदार माणसं भेटली. एकाने विचारलं, जावई चोरून पितो की नाही हे रक्तात दिसतं का. एक बाई नवऱ्याच्या नळीशेजारी आपली नळी ठेवू देईना, "घरी संगं रायतोच, इथं तरी वेगळं ठेवा." आणि एक म्हातारा तर आठवड्याने सात-आठ कोस चालत तळावर आला. मला वाटलं, निकाल विचारायला आला. तसं नव्हतं. विकलेल्या वासराची चौकशी करावी तशी त्याने चौकशी केली. "माझं रक्त बरं हाये ना?" मी म्हणालो, बरं आहे, बर्फात ठेवलंय. त्याचा चेहरा पडला. "थंडी वाजत असंल त्याले."

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. दुसऱ्या गावातही मी क्रमांक एक, पुरुष, वय सव्वीस असंच लिहिलं होतं. तिसऱ्या गावात पेन टेकवलं आणि थांबलो. तीन गावांत तीन पहिले आणि तिघेही सव्वीसचे, हे डॉक्टरांच्या नजरेत भरेल. मी अठ्ठावीस लिहिलं. पुढच्या गावात चोवीस. मग तीस. पहिल्या दोन गावांपर्यंत ती चूक होती. तिसऱ्या गावापासून तिला दुसरं नाव आहे.

अकरा गावं झाली. सगळं सामान प्रयोगशाळेत गेलं, उंदरांचं काम सुरू झालं आणि दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. त्यांचे डोळे चमकत होते.

"भोयर, प्रत्येक गावात एक! नऊ गावांत फक्त एक, नेमका एक. नदीकाठच्या दोन गावांत थोडे जास्त. आणि मजा म्हणजे हा एक जण कायम पहिल्या क्रमांकाचा. याचा अर्थ कळतो?"

मला कळला होता. माझे वडील रेल्वेत होते, माझं लहानपण वाल्टेरला समुद्राकाठी गेलं. सिरोंचाकडे तेलुगू चालते आणि मला ती येत होती, म्हणून तर ही नोकरी मिळाली होती. घरी जाऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "असा ताप? तू सात वर्षांचा होता तं आठ दिवस पाय टेकवत नव्हता. सारी आळी आजारी होती."

डॉक्टरांना मात्र वेगळा अर्थ लागला होता आणि तो इतका सुंदर होता की मोडवेना. अनोळखी माणसापुढे सर्वांत आधी हात पुढे करतो तो गावातला सर्वांत धीट तरुण. जो सर्वांत धीट तोच रानात सर्वांत खोलवर जातो. तिथे त्याला ताप लागतो, पण गावात पसरत नाही. तेव्हा हा विषाणू माणसांत नाहीच. तो रानात, झाडांच्या शेंड्यांवर राहतो. झाडांच्या शेंड्यांवर कोण राहतं? माकडं. अकराही सीरमांची ताकद अगदी सारखी निघाली, त्याचंही त्यांना नवल वाटलं नाही. सगळ्या रानात विषाणूची एकच जात नांदते, असं त्यांनी लिहिलं.

खरं सांगायचं तर भीतीच्या खाली मला थोड्या गुदगुल्याही झाल्या. मला आजवर कोणी धीट म्हटलं नव्हतं.

निबंध छापून आला. शेवटी आभारात माझं नाव होतं, नमुने निष्ठेने गोळा केल्याबद्दल. मग कार्डं येऊ लागली. त्या काळी एखाद्याला निबंध हवा असला की तो लेखकाला पोस्टकार्ड टाकी, एक छापील प्रत पाठवा म्हणून. कार्ड वाचणं, प्रत पाकिटात घालणं, पत्ता लिहिणं, हे काम माझ्याकडे. सुरुवातीला आठवड्याला दोन-तीन यायची, मग दिवसाला तेवढी. ब्राझील, मलाया, कितीतरी देशांची नावं मी त्या कार्डांवर पहिल्यांदा वाचली. डॉक्टर रोज विचारत, "आज कुठून?" मी देशाचं नाव सांगे, ते नकाशात टाचणी टोचत. प्रत्येक टाचणी मला वामनरावांच्या सुईपेक्षा जास्त लागे.

दुसऱ्या एका संस्थेची मंडळी हिवाळाभर मोहर्लीकडच्या रानात माकडं धरत बसली. आमच्या ओळखीचा एक गावकरी त्यांच्याकडे कामाला होता. तो मला म्हणाला, "भाऊ, माकडाले ताप काहून यीन? ना घर, ना दार, ना सरकारी नोकरी." माकडांत काही सापडलं नाही. एका परिषदेत त्यावरून डॉक्टरांना टोचून बोललं गेलं. परत आल्यावर चहा घेताना त्यांनी मला ते सांगितलं. "मी म्हटलं त्यांना, माझ्या निष्कर्षावर बोट ठेवा, माझ्या माणसाच्या वहीवर ठेवू नका. मग मी ठरवलं. आपण पुन्हा जायचं, भोयर. मी स्वतः येणार. तेच अकरा तरुण शोधायचे आणि त्यांचं रक्त पुन्हा तपासायचं."



जीपमधून जाताना मी जमेल तेवढा प्रयत्न केला. "साहेब, चार वर्षं झाली. लोक लाकूडकामाला लांब जातात. सापडतील असं वाटत नाही."

"अकराच्या अकरा लांब गेले?"

"धीट होते ना, साहेब."

वामनराव मागे बसले होते. त्यांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. मी डॉक्टरांना केव्हाच सगळं सांगून टाकलं असेल, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. माझा चेहरा पाहिला आणि त्यांचा खोकला थांबला.

पहिलं गाव तेच, धानोऱ्यापुढचं. सोमा गायत्याने चिंचेखाली खाट टाकली. डॉक्टरांनी हात जोडले आणि थेट मुद्द्याला आले. "मागच्या वेळी या गावात सगळ्यांच्या आधी रक्त देणारा एक तरुण होता. मला त्याला भेटायचंय."

"पयला?" सोमाने माझ्याकडे बोट केलं. "हा काय."

"हा भोयर. माझा माणूस. मी विचारतोय पहिला कोण?"

"हाच तं. पयले ह्यानंच देल्लं. मी उभा होतो ना."

जनाबाई अजून होती. ती म्हणाली, "लालच निंगालं होतं बरं डाक्टर. चाय नव्हता."

डॉक्टरांना हसू फुटलं, खाट हलेपर्यंत हसले, आणि मध्येच थांबले. मनातल्या मनात ते गावं मोजत होते.

"अकराही?"

"हो साहेब."

"म्हणजे माकडं..."

"माकडांचा काही दोष नाही, साहेब."

त्यांनी वही मागितली. तिथेच चिंचेखाली बसून एकेका गावाचा पहिला क्रमांक खोडला. नऊ गावांत काहीच उरलं नाही. उरली ती सिरोंचाकडची, प्राणहितेच्या काठची दोन गावं. डॉक्टरांनी ती दोन पानं उलटसुलट करून पाहिली. "अहो, हे तर साधं होतं," ते म्हणाले. "ताप नदीपलीकडून आला. बाजारहाटाच्या माणसांबरोबर, नावेतून. समोर होतं आणि मी झाडावर शोधत होतो."

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांचं बोट वयाच्या रकान्यावर थांबलं.

"पहिल्या दोन गावांत सव्वीस. मग अठ्ठावीस, चोवीस, तीस. तुमचं वय असं खालीवर कसं होतं, भोयर? हे तुम्ही जाणूनबुजून तर नाही ना केलंत?"

सोमा गायता चार हातांवर उभा होता. मी म्हणालो, "नाही साहेब. गावात जो जे सांगे ते मी लिहायचो. या लोकांना वयाचा अंदाज नसतो."

डॉक्टरांनी मान हलवली आणि वही मिटली. सोमा पाणी सांगायला आत गेला. जेवणं झाली, डॉक्टर जीपकडे गेले, तेव्हा तो माझ्याजवळ आला.

"भाऊ, तू आता तीसचा झाला ना?"

"हो."

"मागं आला तवा सव्वीसचा होता. आमी वय मोठ्या पुरावरून मोजतो, मोहाच्या बहारावरून मोजतो, पन मोजतो. मंग डाक्टरले तसं काऊन सांगतलं?"

जीपचा भोंगा वाजला आणि मी निघालो.

डॉक्टरांनी त्याच नियतकालिकाकडे दुरुस्ती पाठवली. नमुन्यांची छाननी करताना आपल्याकडून नजरचूक झाली, असं त्यांनी लिहिलं. माझं नाव कुठेही नाही. मी त्यांना म्हणालो, साहेब, चूक माझी आहे. ते म्हणाले, "वही तुमची खरी. पण ‘आम्ही गावोगाव फिरून नमुने गोळा केले’ असं मी छापलं. मी कुठे फिरलो होतो? डाकबंगल्यात बर्फ राखत बसलो होतो. ते माझं मला निस्तरू द्या." पुढे परिषदांतून त्यांना माकडवाले डॉक्टर म्हणत. ते स्वतःही हसत आणि लगेच नदीकाठच्या दोन गावांचं सांगू लागत, ते ऐकायला कोणी थांबत नसे. दुरुस्तीच्या शंभर प्रती आम्ही छापून घेतल्या होत्या. तिच्यासाठी एकही कार्ड आलं नाही. मूळ निबंधासाठी मात्र पुढची कितीतरी वर्षं येतच राहिली. खरं छापून आलं म्हणजे खोटं मागे हटतं असं नाही, हे मी पाकिटं चिकटवत शिकलो.

पण त्या दुरुस्तीचं एक वाक्य लोकांनी उचललं. या वनभागातल्या गावकऱ्यांना वयाचा अंदाज नसतो, तेव्हा त्यांनी सांगितलेली वयं धरू नयेत, असं ते वाक्य. डॉक्टरांनी ते माझ्या शब्दावर विश्वासून लिहिलं. परवा माझ्या नातीने तिच्या अभ्यासातला एक अहवाल वाचायला दिला, अलीकडचा, मोठ्या कष्टाने केलेला. त्यात गडचिरोलीबद्दल तेच वाक्य, डॉक्टरांच्या नावासह. अकरा नळ्यांचं पाप नदीला मिळालं असेल, पण हे अजून गावोगाव फिरतं आहे. आणखी कुणी म्हातारा आपलं वय नीट सांगत असेल आणि समोरचा वहीवाला ते न धरता आपलाच आकडा टाकत असेल.

डॉक्टर गेले, वामनराव गेले, सोमा गायता तर केव्हाच गेला. त्या वाक्याला पुरावा एकच होता, चिंचेखाली मी दिलेलं उत्तर. डॉक्टरांचा प्रश्न होता, जाणूनबुजून केलंत का. हो साहेब, जाणूनबुजून केलं. गावाने सांगितलेल्या सगळ्या वयांत मला एकही चूक आढळली नाही. त्या वहीत चुकीची वयं एकाच माणसाची आहेत, आणि ती त्याने स्वतः लिहिली.